चार गिअरची जीप

आमच्या जुन्नर तालुक्यात इतिहासाला तोटा नाही. शिवनेरी आहे, लेण्या आहेत, नाणेघाट आहे. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. घाटावरचा माल दोन हजार वर्षांपासून त्या वाटेनं खाली कोकणात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत होता. शाळेच्या सहली येतात, मास्तर पोरांना रांजण दाखवतात. पण बैलाच्या पाठीवरचा माल मोटारीच्या पाठीवर कसा आला आणि त्या मोटारी आम्ही कशा जोडून-तोडून चालवल्या, हे दाखवणारा मास्तर मला भेटला नाही. त्यातलं मला जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहितो. सगळ्या तालुक्याचं नाही. एका जीपचं, तिच्या गिअरबॉक्सचं आणि आम्हा दोघा भावांचं.

मी दहावीपर्यंत शिकलो. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नुकतीच दहावी आली होती. पुढं शिकायचं मनात होतं, पण विहिरीला पाणी लागलं आणि आण्णा म्हणाले, आता दोन हात कमी पडतात. तेव्हा आमच्याकडं मिरची, कोथिंबीर, मेथी आणि थोडा फ्लॉवर असायचा. टोमॅटो नंतर वाढला. माल जायचा भायखळ्याला, हुंडेकऱ्याच्या ट्रकनं. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला डागं मांडून बसायचं, ट्रक आला तर आला. भरलेला आला तर पुढं निघून जायचा, आणि आपली कोथिंबीर रात्रभर पिवळी पडताना बघत बसायची. चार दिवसांनी पट्टी यायची. भाडं, हमाली, दलाली वजा जाता कधी कधी आपणच काही देणं लागतो की काय असं वाटायचं. आण्णांना वाचता येत नव्हतं. पट्टी मी वाचून दाखवायचो, आणि ते फक्त शेवटचा आकडा विचारायचे.

आपली गाडी असावी हे त्या पट्ट्यांनीच डोक्यात घातलं.

१९८४ साली आम्ही जीप घेतली. लष्कराच्या लिलावातून व्यापाऱ्यानं उचललेली आणि त्याच्याकडून दुसऱ्यानं घेतलेली, अशी तिसऱ्या हातची. आखूड चासीची, पेट्रोलवर चालणारी विलीजच्या जातीची जीप. ही जात मूळची अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली. आपल्याकडं महिंद्रा कंपनीनं स्वातंत्र्याच्या आसपास तिची जोडणी सुरू केली आणि पुढं इथंच बनवली. लष्कराच्या हिशेबात ही गाडी पाव टन ओझं वाहण्याची. म्हणजे चार माणसं आणि त्यांचं सामान. हे मला फार उशिरा कळलं. आम्ही घेतली तेव्हा आधीच्या मालकानं मागं चासीला दीड-दीड फुटाचे तुकडे जोडून ती लांब केली होती, पाट्यांत दोन-दोन पानं वाढवली होती आणि लाकडी फळ्यांचा हौदा बसवला होता. आमच्या भागात अशा जीपगाड्या खूप होत्या. कंपनीचे छोटे पिकअप गावोगाव यायला अजून बराच काळ होता. तोपर्यंत हाच आमचा पिकअप.

पेट्रोल ती पाण्यासारखी प्यायची. माळशेज उतरून कल्याणला जायचं आणि रिकामं परत यायचं म्हणलं तरी निम्मी पट्टी टाकीत जायची. आण्णा म्हणायचे, "म्हैस परवडली, निदान शेण तरी देते."

मग सगळे करत होते तेच आम्ही केलं. १९८८ ला पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवलं. महिंद्रानं ट्रॅक्टरसाठी परदेशी इंटरनॅशनल कंपनीबरोबर जे डिझेल इंजिन आणलं, तेच पुढं त्यांच्या काही जीपगाड्यांतही येत होतं, त्यामुळं ते आपल्या जीपमध्ये बसतं हे मिस्त्री लोकांना पाठ झालं होतं. जुनं इंजिन मिळालं, ते उघडून रिंगा-बेअरिंग नवं घातलं, पुस्तकावर इंजिन बदलल्याची नोंद करून घेतली. खर्च निम्म्याहून खाली आला. आवाज मात्र असा, की गाडी फाट्यावर असतानाच आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

डिझेल इंजिन बसलं, पण त्याच्या मागं गिअरबॉक्स राहिला पेट्रोलचाच. इथून पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, म्हणून ते जरा समजावून सांगतो. ज्यांना कळतं त्यांनी पुढं सरकावं.

पेट्रोल इंजिनात हवा सात पटीच्या आसपास दाबली जाते, डिझेलमध्ये सोळा पटीच्या पुढं. त्यामुळं डिझेलचा प्रत्येक ठोका घणाचा. पेट्रोल इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत पळून जोर काढतं, हे ट्रॅक्टरचं इंजिन दोन-अडीच हजारांच्या आतच सगळा जोर देऊन मोकळं होतं. तो जोर चाकाला पोचवायचा तो गिअरच्या दातांनी. जीपचा जुना बॉक्स तीन गिअरचा. पहिल्यात इंजिनच्या पावणेतीनच्या वर फेऱ्यांना एक फेरी, दुसऱ्यात दीडला एक, तिसऱ्यात सरळ एकाला एक. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे केवढी दरी आहे बघा. चढावर दुसरा ओढत नाही आणि पहिल्यात गाडी रांगते. त्यातून पहिला गिअर चालत्या गाडीत पडायचा नाही, दात दातावर घासून किंचाळायचे. म्हणजे चढावर दुसऱ्यात दम तुटला की गाडी थांबवायची, मागं दगड लावायचा आणि पुन्हा पहिल्यातून सुरुवात. त्या दगडासाठी गाडीत कायम एक माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ.

तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. शाळेपेक्षा गाडीत त्याचं मन. दगड घेऊन गाडीमागं पळता पळताच तो गाडी शिकला.

डिझेलच्या ठोक्यांनी त्या बॉक्सनं दोन वर्षांत मान टाकली. आधी घरघर, मग दुसऱ्या गिअरची उडी. चढाला नाही, उताराला. चढाला इंजिन चाकाला ओढतं, तेव्हा दात एका बाजूनं दाबलेले असतात आणि गिअर बसून राहतो. उताराला उलटं होतं. चाकं इंजिनला ढकलतात, दाब दुसऱ्या बाजूनं येतो, आणि झिजलेल्या दातांवरून स्लीव्ह हळूच सरकून बाहेर. खट्‌ असा आवाज येतो आणि गाडी मोकळी सुटते. ज्याला इंजिनचा लगाम म्हणतात तो सुटला की उरतात फक्त ब्रेक. यावर आमच्याकडं उपाय होता भावाचा गुडघा. उतार लागला की तो शेजारच्या सीटवर तिरका बसून गिअरच्या दांडीला गुडघा लावून धरायचा. पाऊण तास. खाली मोरोशीला आल्यावर त्याच्या मांडीवर दांडीचा वळ उठलेला असायचा.

१९९१ चा श्रावण. माळशेज ज्यांनी पावसाळ्यात रात्री उतरलाय त्यांना धुकं काय ते सांगायला नको. बॉनेट दिसत नाही. पस्तीस खोकी टोमॅटो, रात्रीचे दोन, पहाटेच्या लिलावाला कल्याण गाठायचं. बोगद्याच्या पुढं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशा ठिकाणी, गाडी दणकली, गुडघा निसटला आणि दुसरा गिअर बाहेर. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली, पण थांबली ती कठड्याच्या दगडाला बंपर टेकवून. आम्ही दोघं खाली उतरलो आणि काही बोललो नाही. भावानं एक बिडी पेटवली. तो माझ्यासमोर कधी ओढत नसे. मीही काही म्हणलो नाही.

तेव्हा ठरलं की गिअरबॉक्स बदलायचा.

आमचा मिस्त्री म्हणजे चाचा. आळेफाट्याच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड होती. शाळा माझ्यापेक्षा कमी, पण सूत मोजायला घेतला की इंजिनिअर बाजूला सरावा. त्यानं सांगितलं, त्याच जातीचा तीन गिअरचा दुसरा बॉक्स घालून पैसे घालवू नका, दोन वर्षांत पुन्हा याल. इगतपुरीला महिंद्राचं प्यूजोचं डिझेल इंजिन बनायला लागलं होतं आणि त्या इंजिनाच्या नव्या जीपगाड्यांत चार गिअरचा बॉक्स येत होता. डिझेलसाठीच केलेला, अंगानं दांडगा. तो घाला म्हणाला. नवा परवडणार नव्हता. जुना शोधायला मी आणि भाऊ मुंबईला, कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो.

चाचानं निघताना शिकवून पाठवलं होतं. वरचं झाकण उघडायला लावा, दात बघा, टोकं गोल झाली असतील तर सोडा. पुढचा शाफ्ट हातानं वर-खाली हलवा, खेळ लागला तर बेअरिंग गेलं. तळाचा बोल्ट सोडून तेल बोटावर घ्या, उन्हात धरा. पितळेचा कीस चमकला तर आतल्या कड्या संपल्या. एका दुकानात आम्ही तिसऱ्या बॉक्सचं तेल काढायला लावलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाऊ, बॉक्स घेताय की सोयरीक करताय?" चौथ्याचं तेल काळं होतं, पण चमक नव्हती. साडेपाच हजार. तो पोत्यात बांधून आम्ही दोघांनी कुर्ला स्टेशनपर्यंत आणि तिथून कल्याणपर्यंत लोकलनं आणला. डब्यातल्या लोकांनी पाय वर घेतले होते.

बॉक्स आणला म्हणजे बसला असं नाही. हे गाड्या न जोडलेल्या माणसाला कळत नाही. इंजिनच्या मागची बोल्टांची भोकं एका मापाची, बॉक्सच्या पुढची दुसऱ्या. मधे प्लेट करावी लागते. चाचानं पाऊण इंची लोखंडी प्लेट लेथवाल्याकडून कापून घेतली, पुठ्ठ्यावर दोन्हीकडची भोकं छापून घेतली आणि मग तीन दिवस त्या एका प्लेटमध्येच घालवले. मला वाटलं वेळ काढतोय. त्यानं मला डायल गेज लावून दाखवलं. इंजिनच्या शाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. सुताचा दहावा हिस्सा जरी इकडंतिकडं झाला तरी शाफ्ट प्रत्येक फेरीला वाकडा ओढला जातो. लगेच काही होत नाही, सहा महिन्यांनी बेअरिंग जातं आणि मालक म्हणतो, बॉक्सच खराब होता. "प्लेट चुकते आणि शिवी बॉक्सला बसते," चाचा म्हणाला.

मग फ्लायव्हीलच्या मध्यात बसणारी पायलट बुश गनमेटलची नवी ओतून लेथवर कातली, कारण नव्या शाफ्टचं टोक वेगळ्या मापाचं. क्लचप्लेट इंजिनच्या मापाची पण मधला दातेरी गाळा नव्या शाफ्टचा, अशी दोन प्लेटांची एक केली. बॉक्स जुन्यापेक्षा लांब, त्यामुळं मागचा जॉईंट शाफ्ट तेवढा कापून कमी केला, पुढचा वाढवला. दोन्ही पुन्हा लेथवर फिरवून सरळ केले. खालचा क्रॉसमेंबर मागं सरकवला. दांडी आधीपेक्षा मागं आली म्हणून फ्लोअर कापला. ट्रान्सफर केस तोच राहिला. पुढं-मागं एक्सल तेच राहिले. चाकं तीच, आणि चाकांच्या आतले नऊ इंची ब्रेक ड्रमही तेच.

आता त्या चिठ्ठीबद्दल.

काम सुरू करायच्या आधी चाचानं खर्च लिहून दिला होता. सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचा तुकडा, त्यावर शिसपेन्सिलीनं. गिअरबॉक्स ५,५००. प्लेट आणि लेथ ९००. क्लचप्लेट ४५०. जॉईंट ६००. मजुरी ८००. आणि शेवटची ओळ, ब्रेक लायनिंग, ड्रम, सिलिंडर किट, चारी चाकं, १,३५०. एकूण ९,६००.

कोथिंबिरीचे आले होते साडेआठ हजार. मी पेन घेतला आणि शेवटची ओळ खोडली. राहिले ८,२५०.

चाचानं मान हलवली. म्हणाला, "दादा, गिअर बदलला म्हणून गाडी बदलली नाही. बॉक्स दांडगा आला की तुम्ही माल दांडगा भरणार. थांबवणार कोण?" मी म्हणलो, पुढच्या खेपेला करू. चाचानं चिठ्ठी माझ्याकडं परत दिली. हौसेखातर नव्हे, ब्रेकवाली ओळ माझ्याकडं राहावी म्हणून दिली असावी. उरलेल्या अडीचशेमधनं मी काय केलं? समोर काचेवर आईचं नाव रंगवून घेतलं आणि दोन आवाजांचा भोंगा बसवला.

पहिल्यांदा गाडी घेऊन माळशेज चढलो तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. खालून वीस गोणी सिमेंट भरलेलं. जिथं दरवेळी दगड लागायचा तिथं मी खालचा गिअर घातला, आणि तो चालत्या गाडीत लोण्यात सुरी जावी तसा गेला. गाडी थांबली नाही, किंचाळली नाही, पावलं मोजत चढत राहिली. भाऊ दगड हातात घेऊन मागं फळीवर बसला होता. वरच्या पाणपोईपाशी आल्यावर त्यानं तो दगड दरीत फेकला आणि मोठ्यानं ओरडला. त्या दिवसापासून तो दगडवाला राहिला नाही, ड्रायव्हर झाला.

उतारालाही आता दांडीला गुडघा लागत नव्हता. दुसऱ्यात घातली की गाडी दावणीला बांधल्यासारखी उतरायची.

आणि चाचा म्हणाला होता तसंच झालं. पस्तीस खोक्यांची पंचेचाळीस झाली, मग पंचावन्न. खोकं भरलं की बावीस किलो. मूळ पाव टनाची जीप, तिच्यावर आम्ही बाराशे किलो चढवत होतो आणि ती ओढत होती. ओढते म्हणून भरत होतो. शेजाऱ्यांचाही माल घ्यायला लागलो, भाडं मिळायला लागलं. आमचं स्लॅबचं घर त्या चार गिअरांवर उभं राहिलंय, हेही इथंच लिहिलं पाहिजे. मागच्या चाकांचे लायनर मधे एकदा बदलले. ड्रम तेच ठेवले, घासून पातळ झालेले. १,३५० रुपये तेव्हा जवळ नव्हते हे पहिल्या वर्षी खरं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ते खरं नव्हतं. नंतर तर ती ओळ माझ्या लक्षातही राहिली नाही.

ऑगस्ट १९९४. टोमॅटोला भाव चढला होता. पंचावन्नच्या वर आणखी सहा खोकी मीच भरायला लावली. गाडी भाऊ चालवत होता, मी शेजारी. निघायला उशीर झालेला, लिलाव गाठायचा म्हणून मी त्याला म्हणलो, चल जरा. त्यानं दुसऱ्याऐवजी तिसऱ्यात उतरायला घेतलं. ब्रेकवर पाय ठेवत, सोडत. अर्ध्या घाटात जळकट वास आला. मी म्हणलो, कुणाच्या तरी ट्रकचा असेल. मग त्यानं पाय दाबला आणि माझ्याकडं बघितलं. ब्रेक दाबला जात होता, पण धरत नव्हता. पातळ ड्रम तापून फुगला की लायनर त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि पोचला तरी तापलेला लायनर नुसता घसरतो. त्यानं दुसऱ्यात घालायचा प्रयत्न केला. तोवर वेग एवढा झाला होता की गिअर घेईना. दरीकडं जाऊ नये म्हणून त्यानं गाडी कड्याला घातली.

मला चार टाके पडले. त्याचा उजवा पाय पेडल आणि आत चेपलेल्या पत्र्याच्या मधे अडकला होता. मागून आलेल्या ट्रकवाल्यांनी पहारीनं पत्रा वाकवून त्याला काढलं. रस्त्यावर टोमॅटोचा चिखल झाला होता आणि आमची वाहनं त्यातनंच माणसं सांभाळून पुढं काढत होती. गुडघ्याची तीन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, गुडघा वाकला नाही तो नाहीच. त्याचं लग्न ठरत आलेलं वर्षभर लांबलं. शेतात तो पुन्हा उतरला नाही, म्हणजे उतरायचा, पण वाफ्यात उकिडवं बसता येत नाही त्याला शेतात काय काम? पुढं फाट्यावर बी-बियाण्याचं आणि औषधांचं दुकान टाकलं. आज ते चांगलं चालतं.

जीप भंगारात गेली. चाचानं तिचा गिअरबॉक्स उतरवून घेतला. एक ओरखडा नव्हता. प्लेटही जशीच्या तशी, शाफ्टमध्ये केसभर खेळ नाही. घेणाऱ्यानं विचारलं, अपघाती गाडीचा ना हा? चाचा म्हणाला, "अपघात गाडीला झाला. याला नाही." तो बॉक्स दुसऱ्या जीपमध्ये पुढं कित्येक वर्षं चालला. अणे पठाराकडच्या एका बागायतदाराकडं होता. मी त्या जीपला रस्त्यात ओलांडायला कधी पुढं गेलो नाही, मागंच राहायचो.

या अपघाताचं कारण काय, याच्या आमच्या घरात तीन गोष्टी आहेत. भाऊ आजपर्यंत सांगतो, मीच तिसऱ्यात होतो, दादाची काही चूक नाही. चाचा वारला त्याच्या आदल्या वर्षी मला म्हणाला, मी बॉक्स बसवायलाच नको होता, ब्रेकशिवाय गाडी शेडबाहेर सोडली हे माझं पाप. आई म्हणायची, काचेवर माझं नाव टाकलं तेच वाईट. जिवंत माणसाचं नाव गाडीवर टाकू नये. तिघांनीही दोष आपल्याकडं घेतला. आण्णा काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "ब्रेकाला किती लागणार होते?" मी आकडा सांगितला नाही.

चिठ्ठी मी ठेवली होती. आण्णांच्या ट्रंकेत, पट्ट्यांच्या गठ्ठ्यात. पेन्सिल पुसट झाली, पण माझ्या निळ्या पेनची आडवी रेघ ठळक आहे. तीस वर्षं ती मी कुणाला दाखवली नाही. आता आमच्या घरासमोर कंपनीचा पिकअप उभा असतो. पाच गिअर, पुढं डिस्क ब्रेक, किती माल भरायचा ते पुस्तकात छापलेलं. मुलगा त्याच्यापेक्षा जास्तच भरतो. परवा मी ओरडलो तर म्हणाला, बापू, ओढते ना गाडी.

त्या रात्री ट्रंक उघडली. हे लिहायला घेतलं तेही त्यानंतरच. लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, कागद आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन भावाच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. तो पाय सरळ समोरच्या खोक्यावर ठेवून बसतो, तसाच बसला होता. त्यानं आधी सगळं वाचलं, मग चिठ्ठी उजेडात धरली. खोडलेल्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून होता.

"तेराशे पन्नास," म्हणाला. "चारी चाकांचे? चाचानं स्वस्तात लावलं होतं रे दादा."

मग त्यानं चिठ्ठीची घडी घातली, गल्ल्यात ठेवली आणि मला चहा सांगितला.